पोलिश आडनावे, जन्मदेशाचा रकाना आणि मूळ गावाचा शोध : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या पोलिश वंशाच्या माणसाला पूर्वजांचा शोध घ्यावासा वाटला की सुरुवात बहुधा आडनावाच्या अर्थापासून होते. अर्थ सहसा लगेच हाती लागतो. कोवाल्स्कीत लोहार आहे, वुइचिकमध्ये गावचा मुखिया आहे आणि नोव्हाक म्हणजे गावात नव्याने आलेला. नोव्हाक हे आज पोलंडमधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. नवा माणूस गावोगाव येत होता, एवढेच त्यावरून कळते. आपला नोव्हाक कुठल्या गावी नवा होता, ते आडनाव सांगत नाही.

‘-स्की’ची गोष्ट थोडी वेगळी. हा प्रत्यय आपल्या ‘-कर’सारखा गावाला लागतो. पंधराव्या-सोळाव्या शतकांत जमीनदार सरदार आपल्या गावावरून ओळखले जात, त्यामुळे अशी आडनावे आधी त्यांच्यात रुजली. पण विश्नियेवो किंवा दोम्ब्रोवा नावाची गावे पोलंडभर विखुरलेली आहेत, म्हणून विश्नियेव्स्की आडनाव मिळाले तरी नकाशावर एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही. पुढे कारागीर आणि शेतकऱ्यांनीही हा प्रत्यय घेतला, काही ठिकाणी पाद्र्याने नोंद करताना तो परस्पर जोडला. सरदारकीच्या खोट्या दाव्यांना तर इतका ऊत आला होता की सतराव्या शतकात क्राकूफ भागातल्या एका सरदाराने तोतया सरदारांची मोठी यादीच तयार केली. शिवाय पोलंडमध्ये एकच कुलचिन्ह रक्ताचे नाते नसलेली कितीतरी घराणी वापरत. आडनाव सांगून कुलचिन्हाची चौकट विकत घेणाऱ्यांना ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. 1921 च्या राज्यघटनेने सरदारकीची मान्यताच काढून घेतली.

ज्यू कुटुंबांची आडनावे बरीच उशिराची आणि सरकारी हुकुमाने आलेली आहेत. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या मुलखात 1787 पासून, रशियन अमलाखालच्या पोलंड राज्यात 1821 च्या सुमारास. त्यांच्या आडनावाचा माग त्याहून मागे नेण्यात फारसा अर्थ नसतो.

रशिया, प्रशिया (जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रियाने केलेल्या पोलंडच्या तीन फाळण्या (1772, 1793, 1795) सर्वांना ठाऊक आहेत. शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचा परिणाम एवढाच की जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्यांची घराणी तीन झाली. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या गालित्सिया प्रांतात 1784 पासून लॅटिनमध्ये रकाने आखून नोंदी झाल्या आणि त्यात घर क्रमांकही असे. (हा गालित्सिया म्हणजे स्पेनचा गॅलिशिया नव्हे. वंशवेलींत ही गफलत आजही होते.) वॉर्साच्या भागात 1808 पासून नेपोलियनच्या कायद्याच्या धर्तीवर सलग परिच्छेदात नोंद होई : बाप कोण, वय किती, धंदा काय, साक्षीदार कोण. 1868 पासून त्याच वह्या रशियनमध्ये लिहिण्याची सक्ती झाली. ही सक्ती पोलिश भाषेवर घाला होती यात वाद नाही, पण वाचायची तयारी असेल तर माहितीला सर्वांत श्रीमंत याच वह्या आहेत. प्रशियात 1874 मध्ये चर्चपासून वेगळे सरकारी नोंदणी कार्यालय सुरू झाले. तीनपैकी कोणत्या वह्या उघडायच्या हे गाव कळल्याशिवाय ठरत नाही, आणि गाव तर समुद्रापलीकडच्या कागदांतून शोधायचे असते.

तिथे खरा गुंता होतो तो ‘जन्मदेश’ या रकान्याचा.

माणसे मोठ्या संख्येने गेली तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. 1854 मध्ये टेक्सासला पन्ना मारिया वसवणारे अप्पर सिलेशियातून, म्हणजे प्रशियातून आले. नंतर गालित्सिया आणि रशियन पोलंडमधून लोंढा सुरू झाला आणि शिकागो, बफेलो, डेट्रॉइट, मिलवॉकीत पोलिश वस्त्या वाढल्या. त्यांना जन्मदेश विचारला तर काय सांगणार? कोणी ‘प्रशिया’ सांगे, कोणी ‘पोलंड’, कोणी ‘ऑस्ट्रिया’. एकाच घरातल्या दोन भावांच्या नोंदी दोन वेगळ्या देशांच्या निघतात आणि नातवंडांना वाटते ही दोन वेगळी कुटुंबे.

1900 च्या अमेरिकी जनगणनेत यावर तोडगा काढला गेला. प्रगणकांना सूचना होती की पोलंड आता देश उरलेला नाही, तेव्हा पोलिश बोलणाऱ्याला जन्म जर्मन, ऑस्ट्रियन की रशियन पोलंड ते विचारा आणि ‘पोलंड’ लिहून कंसात तसे नोंदवा. म्हणजे देश नाही असे सांगत त्याचे नावही ठेवले. सरकारी कागद म्हणून हे विचित्र दिसते, पण शोधणाऱ्याला यामुळे निदान कोणत्या साम्राज्याची वही उघडायची ते कळते. आधीची 1890 ची जनगणना बहुतेक नष्टच झाली. 1921 च्या आगीने तिचे वाटोळे केले. त्यामुळे 1880 नंतर थेट 1900 चाच आधार मिळतो.

1910 च्या जनगणनेच्या वेळी वाद पेटला. जन्मदेशापुढे नुसते रशिया, ऑस्ट्रिया, जर्मनी लिहायचे म्हटले तर पोलिश माणूस रशियन किंवा जर्मन ठरणार होता. मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या समाजांनी मातृभाषेची नोंद हवी असा आग्रह धरला. मागणी मान्य झाली तेव्हा तक्ते छापून झाले होते आणि भाषेसाठी रकानाच नव्हता. मग जन्मदेशाच्याच चिंचोळ्या रकान्यात देश आणि भाषा दोन्ही कोंबले गेले : ‘रशिया, पोलिश’, ‘ऑस्ट्रिया, पोलिश’. मला तर या सगळ्या प्रयोगांत हाच सर्वांत उपयोगी वाटतो. दिसायला ओबडधोबड असला तरी त्यात माणसाची भाषाही कळते आणि राज्यही.

बंदरावरचा हिशेब आणखी निराळा होता. 1899 पासून येणाऱ्यांची नोंद ‘वंश’ या सदराखालीही होऊ लागली. तिथे पोलिश हा वंश धरला, पण ज्यूंना ‘हिब्रू’ असे वेगळे सदर होते. एकाच गावातून एकाच जहाजाने आलेले दोन शेजारी वेगवेगळ्या सदरांत जाऊन बसले. ‘पोलिश’ म्हणून किती आले याचे त्या काळचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. बरेच जण ठेवत नाहीत.

1920 च्या जनगणनेत जुन्या साम्राज्यांत जन्मलेल्यांना प्रांत किंवा शहर विचारण्याचे ठरले. जिथे प्रगणकाने ते मनावर घेतले तिथे गावाच्या अगदी जवळ जाता येते. अनेक पानांवर मात्र नुसते ‘पोलंड’ आहे. देश नुकताच पुन्हा उभा राहिला होता, बोलणाऱ्याला तेवढेच सांगायचे असेल.

आडनावे न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरच्या स्थलांतरित तपासणी केंद्रात बदलली गेली, ही घराघरांत सांगितली जाणारी कथा इथे पटकन बाजूला ठेवतो. 1892 मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्रावरचे अधिकारी जहाज कंपनीच्या कारकुनाने ब्रेमेन किंवा हाम्बुर्गसारख्या बंदरावर आधीच लिहिलेली यादी पडताळत, हाताशी दुभाषे असत. नाव बदलले ते पुढे कारखान्यात, शाळेत, नागरिकत्वाच्या अर्जावर, आणि बहुतेकदा स्वखुशीने. कोवाल्स्कीचा स्मिथ झाला, पोलिश ‘ł’ अक्षराची आडवी रेघ गेली. मुलगी किंवा बायको असेल तर कोवाल्स्का असे होणारे रूप अमेरिकेत सगळ्यांसाठी ‘कोवाल्स्की’ झाले. शोधताना बाईची नोंद हुकते ती इथे. गाव हवे असेल तर 1907 च्या कायद्यानंतरच्या प्रवासी याद्या पाहाव्यात. त्यात जन्मगाव आणि मागे राहिलेल्या नातेवाइकाचा पत्ता असतो. 1906 नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांतही जन्मगाव मिळते.

गेल्या वीसेक वर्षांत या सगळ्याला वेगळीच धार आली आहे. पोलंड 2004 मध्ये युरोपीय संघात गेला आणि पणजोबांचे गाव ही पासपोर्टची किल्ली ठरली. पण पोलिश नागरिकत्वाचा पहिला कायदा जानेवारी 1920 चा आहे, त्यामुळे पणजोबा केव्हा निघाले यापेक्षा 1920 नंतर ते कुठले नागरिक होते हे महत्त्वाचे. त्या कायद्याखाली परदेशी नागरिकत्व घेतले की पोलिश नागरिकत्व जाई. लष्करी सेवेस पात्र पुरुषांना मात्र अपवाद होता आणि तो 1951 पर्यंत राहिला. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या बाईचे नागरिकत्व जाई. म्हणून आजच्या अर्जांत आजोबांच्या बाजूने दार उघडते आणि आजीच्या बाजूने बंद होते. 2007 च्या ‘पोल कार्ड’ (पोलिश वंशाचा असल्याचे ओळखपत्र) कायद्याचा लाभ आधी पूर्वीच्या सोव्हिएत देशांतल्यांनाच मिळे, 2019 पासून तो जगभरच्या वंशजांना खुला झाला.

1945 मध्ये पोलंडची पूर्वसीमा पश्चिमेला सरकली आणि त्याची झळ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या निर्वासित छावणीत 1943 ते 1948 राहिलेल्या पोलिश कुटुंबांनाही बसली. तिथे सुमारे पाच हजार लोक होते. बहुतेकांना 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत संघात हद्दपार केले होते आणि परत जायचे गाव आता दुसऱ्या देशात होते. पुढे बरेच जण ब्रिटनला गेले. त्यांच्या नातवंडांना अमेरिकी जनगणना उपयोगी नाही, आणि पोलंडच्या स्थानिक दप्तरातही गाव सापडत नाही. पूर्वेकडून वाचवून आणलेल्या वह्यांपैकी पुष्कळ वॉर्साला आहेत, उरलेल्या युक्रेन, बेलारूस आणि लिथुएनियाच्या दप्तरखान्यांत. 2015 पासूनच्या पोलिश नियमानुसार जन्मनोंद शंभर वर्षांनी आणि लग्न-मृत्यूची नोंद ऐंशी वर्षांनी सरकारी दप्तरखान्यात जाते. तेवढी वर्षे भरण्याआधी ती नोंद पाहायची तर वारस असल्याचा पुरावा जोडून नोंदणी कार्यालयाकडेच अर्ज करावा लागतो.