साक्षात्कार आणि प्रेषितपणाच्या दाव्यांची पारख (ख्रिस्ती धर्म)

कुणी म्हणालं की देव माझ्याशी बोलला, किंवा मला येशूनं प्रेषित म्हणून पाठवलंय, तर ते खरं मानायचं का हे तपासायची ख्रिस्ती मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) फार जुनी रीत आहे. देवाच्या माणसाला प्रश्न विचारला म्हणजे आपला विश्वास कमी पडला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण नव्या करारात (बायबलच्या येशूनंतरच्या भागात) नेमकं उलटं आहे, तिथे पारख करणं हे विश्वासणाऱ्याचं कामच सांगितलंय. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१) सरळ लिहिलंय की प्रत्येक आत्म्यावर विश्वास टाकू नका, तो देवापासून आहे का ते बघा. पौल, ज्याची पत्रं नव्या करारात आहेत तो प्रेषित, थेस्सलनीकाच्या लोकांना सांगतो की देवाचे म्हणून आलेले संदेश धिक्कारू नका पण सगळं पारखून घ्या. आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात इफिसच्या मंडळीचं कौतुक कशासाठी झालंय, तर स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांना त्यांनी तपासलं आणि ते लबाड निघाले म्हणून!

याचं मूळ जुन्या करारात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे. संदेष्ट्यानं (देवाचा संदेश सांगणाऱ्यानं) सांगितलेलं घडलं नाही तर तो शब्द देवाचा नव्हता (अध्याय १८), हे समजायला सोपं आहे. पण अध्याय १३ त्याच्याही पुढे जातो, चिन्ह खरं ठरलं तरी तो माणूस तुम्हाला दुसऱ्या देवांच्या मागे नेत असेल तर त्याचं ऐकू नका. म्हणजे नुसता चमत्कार हा पुरावा नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विसरली जाणारी कसोटी हीच आहे.

खुद्द पौलही यातून सुटला नाही. येशूच्या बारा प्रेषितांपैकी, त्याला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी माणूस निवडताना अट होती की तो येशूबरोबर पहिल्यापासून वावरलेला असावा, पुनरुत्थानाचा साक्षी असावा. पौल त्या बारा जणांतला नव्हता, त्यामुळे करिंथमध्ये लोकांनी त्याच्या अधिकारावरच बोट ठेवलं. त्यानं दिलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे (२ करिंथ ११), तो स्वतःच्या दर्शनांपासून सुरुवात करत नाही, तो अंगावरच्या माराचा हिशोब देतो, पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं, आणि वर सांगतो की तुमच्यावर मी पैशाचा भार टाकला नाही. दर्शनाची गोष्ट पुढच्या अध्यायात येते, तीही आढेवेढे घेत. गलतीकरांना तर तो लिहितो की आम्ही स्वतः किंवा स्वर्गातला दूत जरी वेगळी सुवार्ता (येशूबद्दलचा संदेश) सांगायला आला तरी तो शापित असो.

नंतरच्या काळातलं 'डिडाखे' हे सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठीच्या नियमांचं छोटं पुस्तक याबाबतीत एकदम व्यवहारी आहे. याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. गावोगाव फिरणारे प्रेषित दारात आले की काय करायचं ते त्यात आहे, एक दिवस ठेवा, गरज असेल तर दोन, तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलत नसेल तर तो खोटा संदेष्टा. निघताना वाटेपुरती भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. पवित्र आत्मा बोलतोय असं म्हणत कुणी जेवणाचं ताट मांडायला सांगितलं आणि स्वतःच जेवायला बसला तर तोही खोटा! ज्यांच्या घरात रोज पाहुणे यायचे त्यांनीच हे लिहिलंय हे वाचताना लगेच कळतं.

दुसऱ्या शतकात फ्रिजियात (आजच्या तुर्कस्तानात) माँटानस, प्रिस्किला आणि मॅक्सिमिला आपल्या तोंडून पवित्र आत्मा बोलतो असं सांगू लागले. मॅक्सिमिलानं युद्धं होतील असं सांगितलेलं, तेव्हा एका विरोधकानं हिशोब मांडला की ती मरून तेरा वर्षांवर झाली तरी ना कुठे युद्ध ना कसला छळ (हे युसेबियसनं लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात जपलंय). साधारण त्याच सुमारास, १८० च्या आसपास, ल्योनचा (आजच्या फ्रान्समधलं शहर) बिशप, म्हणजे तिथल्या मंडळीचा प्रमुख, इरेनियस वेगळी कसोटी लावत होता. आमच्याकडे प्रेषितांची गुप्त शिकवण आहे म्हणणाऱ्यांना त्याचा सवाल होता की तुम्हाला ती कुणी दिली? आणि खरी शिकवण प्रेषितांपासून उघडपणे पुढे आलीय हे दाखवायला रोमच्या मंडळीत कुणानंतर कोण बिशप झाला याची नावंच त्यानं लिहून दिली. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही बिशपांच्या या परंपरेवर उभ्या आहेत. प्रोटेस्टंट म्हणतात की प्रेषितांचा खरा वारसा म्हणजे त्यांची शिकवण, ती बायबलमध्ये आहे, तेव्हा बिशपही त्यावरच घासून बघायचा.

कॅथलिक चर्चमध्ये चौकशीची रीतसर पद्धत आहे. फ्रान्समधल्या लूर्द्सला १८५८ मध्ये चौदा वर्षांच्या बर्नादेतनं आपल्याला मरियेची दर्शनं झाल्याचं सांगितलं, बिशपनं आयोग नेमला आणि निर्णय आला १८६२ च्या जानेवारीत. घरी खायची भ्रांत होती तरी ती कुणाचे पैसे घ्यायची नाही, हे तिच्या बाजूनं पडलं. १७ मे २०२४ ला व्हॅटिकननं नवे नियम काढले, त्यानुसार आता चर्च सहसा 'हे अलौकिकच आहे' असं जाहीर करत नाही, भक्तीला हरकत नाही एवढंच म्हणतं. दावेदाराच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टींमध्ये पैसा, सत्ता आणि प्रसिद्धीची हाव त्यात नाव घेऊन नोंदवलीय. आणि मंजुरी मिळालेलं दर्शनसुद्धा मानलंच पाहिजे अशी सक्ती कुठल्याही कॅथलिकावर नाही.