युद्धस्मृती

युद्ध वा नरसंहार यांविषयी स्मारके, पाठ्यपुस्तके, स्मृतिदिन आणि कायदे यांच्या आधारे राष्ट्राने घडवलेली सामाईक आठवण. माणूस समूहाच्या चौकटीतच आठवतो, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडले. १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीत त्यांचा अंत झाला.

या आठवणीतली काटछाट सर्वांत उघड दिसते ती स्मारकांवरच्या मजकुरात. हिरोशिमाच्या शांतिउद्यानातील स्मारकावर (१९५२) ‘शांतपणे निद्रा घ्या, चूक पुन्हा करणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य आहे. चूक कोणाची, हे मूळ जपानीत येतच नाही. मराठीत ‘पुन्हा असं व्हायचं नाही’ म्हणून कर्त्याला सोडवता येते, तसेच काहीसे. बॉम्ब टाकला अमेरिकेने, मग चूक कबूल कोण करतो आहे, असा आक्षेप त्याच वर्षी तिथे गेलेले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्न निकालपत्र त्यांचेच. कर्ता म्हणजे अखिल मानवजात, असा खुलासा शहराने केला. खुलासा उदात्त खरा, पण त्यात अमेरिकाही सुटते आणि जपानही.

कधी कर्ता स्पष्ट असतो आणि मृतांचीच ओळख पुसली जाते. कीव्हमधील बाबी यार घळीत २९ व ३० सप्टेंबर १९४१ रोजी नाझींनी ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. आकडा मारेकऱ्यांच्याच अहवालातला आहे. १९७६ च्या सोव्हिएत स्मारकावर मात्र ‘कीव्हचे नागरिक आणि युद्धकैदी’ एवढीच नोंद झाली. ज्यूंचे स्वतंत्र स्मारक तिथे उभे राहायला १९९१ उजाडले. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम स्मारकावर (१९८२) ५८,००० हून अधिक अमेरिकन नावे आहेत. ती वर्णानुक्रमे नसून बळी पडल्याच्या तारखांप्रमाणे कोरल्यामुळे एकाच चकमकीत पडलेले सैनिक शेजारी शेजारी येतात, आणि वाचणाऱ्याचा चेहरा काळ्या ग्रॅनाइटमध्ये त्या नावांवर उमटतो. व्हिएतनामी मृतांना त्या भिंतीवर जागा नाही.

जर्मनीचे उदाहरण कबुलीचा आदर्श म्हणून नेहमी दिले जाते. तरी चॅन्सेलर विली ब्रांट यांनी ७ डिसेंबर १९७० रोजी वॉर्सातील घेटोच्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या, स्मारकापुढे गुडघे टेकले, तेव्हा एका जनमत चाचणीत पश्चिम जर्मनीतल्या जवळपास निम्म्या लोकांना ते अति वाटले होते.

स्पेनने १९७७ च्या सर्वक्षमा कायद्याने यादवी युद्धातील गुन्ह्यांवर पडदा टाकला. पीडितांना मान्यता देणारा कायदा २००७ मध्ये आला. माद्रिदजवळच्या भव्य स्मारकातून हुकूमशहा फ्रँकोचे शव २०१९ मध्ये हलवण्यात आले. त्याच आवारात त्याच्या राजवटीने यादवी युद्धातल्या विरोधी बाजूचे अनेक मृतही, घरच्यांना न विचारता, आणून पुरले होते.