तुरुंग भरले म्हणून खून घटले?

सांगली-मिरजेत टोळीच्या वादातून मुडदा पडला की ‘मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावा, तडीपार करा’ ही मागणी ठरलेलीच. हल्ली तिच्या जोडीला एल साल्वादोरचा दाखला येतो: तिथे गुंड सरसकट आत टाकले आणि खून घटले.

मध्य अमेरिकेतल्या या चिमुकल्या देशात २०१५ साली लाखामागे शंभराहून जास्त खून झाले. २०१८ पर्यंत हा दर निम्म्यावर आला होता. नायिब बुकेले अध्यक्ष झाले जून २०१९ मध्ये, म्हणजे उतार त्यांच्या आधीचा. मार्च २०२२ अखेर तीन दिवसांत ८७ जण मारले गेले आणि २७ तारखेला आणीबाणी लागली. वॉरंटाशिवाय अटक, वकिलाचा हक्क स्थगित, एकेका खटल्यात शेकडो आरोपी. ८० हजारांवर माणसं आत गेली. २०२४ चा अधिकृत दर १.९. घट खरी आहे. फक्त पोलिसांच्या गोळीने मेलेले या आकड्यात धरत नाहीत.

भारतात १९९२ च्या सुमारास हा दर चारच्या वर होता, २०२२ मध्ये २.१. त्या वर्षअखेर देशात ५,७३,२२० कैदी होते, लाखामागे चाळीसेक. त्यातले तीन चतुर्थांश कच्चे, म्हणजे खटला न संपलेले. एल साल्वादोरमध्ये लाखामागे दीड हजारांवर.

तिथले खून प्रामुख्याने खंडणीखोर टोळ्यांचे, म्हणून घाऊक धरपकड लागू पडली. आपल्याकडे २०२२ च्या २८,५२२ खुनांत सर्वांत मोठं कारण वादावादी: बांध, पाणी, भाऊबंदकी, दारू. कुऱ्हाड उचलण्याआधी अशा माणसाचं नाव कुठल्या यादीत असणार? असे सगळेच सराईत नसतात: औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली, तिथे खुनात शिक्षा झालेलेही बायकामुलांसह शेती करत.

मोक्का मात्र टोळ्यांसाठीच. मागल्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रांची कोर्टाने दखल घेतलेली हवी, गुन्हा नोंदवण्याआधी किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी. सांगली-साताऱ्याचे प्रस्ताव कोल्हापूर परिक्षेत्राकडे जातात. आरोपपत्राला ९० ऐवजी १८० दिवस मिळू शकतात.

तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षं. नोटिशीत मोघम आरोप, जुनेच गुन्हे, कारण न देता शेजारचे जिल्हेही आदेशात ओढलेले, एवढ्यावर उच्च न्यायालयात आदेश रद्द होतात. टिकला तरी गडी जिल्ह्याची हद्द ओलांडून पलीकडच्या गावात खोली घेतो, फोन चालूच असतो.