२५ मिलिमीटरचा हुशार गोळा आणि त्याला नको म्हणणारे जवान

अफगाणिस्तानात अमेरिकन जवानांची एक नेहमीची डोकेदुखी होती. समोरचा तालिबानी मातीच्या भिंतीआड बसायचा, डोकं वर काढून चार गोळ्या झाडायचा आणि परत खाली. भिंत मातीची असली तरी चांगली हातभर जाड, रायफलची गोळी त्यात रुतून बसते. मग मॉर्टर मागवा नाहीतर विमान बोलवा, आणि ते येईपर्यंत गडी मागच्या दाराने पसार. यावर उपाय म्हणून एक्सएम२५ नावाची बंदूक काढली, आणि खरं सांगतो, नुसतं वाचलं तर कोणीही प्रेमात पडेल अशी ती होती.

तिच्यातून साधी गोळी नाही तर २५ मिलिमीटरचा छोटा स्फोटक गोळा उडायचा. आधी लेझरने भिंतीचं अंतर मोजायचं, समजा ३०० मीटर आलं, मग बटण दाबून त्यात एक-दोन मीटर वाढवायचे म्हणजे भिंतीच्या पलीकडचं अंतर झालं, आणि हा आकडा बंदूकच गोळ्यातल्या चिपला सांगायची. गोळा भिंतीवरून जायचा आणि त्या माणसाच्या डोक्यावर हवेतच फुटायचा. भिंत कितीही जाड असू दे.

आता गोळ्याला कसं कळणार की आपण ३०१ मीटरवर पोचलो? मला वाटायचं आत घड्याळ असेल, पण घड्याळात एक गडबड आहे. दारू उन्हात तापली किंवा थंडीत गारठली की गोळ्याचा वेग थोडा बदलतो, आणि वेगात नुसता दोन टक्के फरक पडला तरी ३०० मीटरवर सहा मीटरची चूक, म्हणजे गोळा भिंतीच्या अलीकडेच फुटून मोकळा. म्हणून त्यांनी फेऱ्या मोजल्या. नळीला आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळा भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो आणि एका फेरीत तो किती पुढे जाणार हे त्या पिळावरून ठरलेलं असतं. सायकलच्या चाकाचे फेरे मोजून अंतर काढतो ना, अगदी तसं. वेग कमी झाला तर फिरणंही त्याच प्रमाणात कमी होतं, त्यामुळे ती चूक बरीचशी आपोआप कटते. ज्याच्या डोक्यात हे आलं त्याला सलाम!

पण झालं काय, २०१० च्या शेवटी थोड्या बंदुका तिकडे गेल्या, सुरुवातीला कौतुकही झालं, आणि मग रेंजर्स या अमेरिकन लष्कराच्या निवडक जवानांच्या दलातल्या एका तुकडीने धाडीवर जाताना ती न्यायलाच नकार दिला. कारण एकदम साधं होतं. बंदुकीचं वजन सहा किलोच्या वर, त्यामुळे ती घेतली की रोजची एम४ रायफल सोडावी लागते, आणि गोळे मिळणार फक्त ३६. ते संपले की तो माणूस लढाईतून बाद. आणि धाड म्हणजे घरात घुसणं, खोलीत समोर दहा फुटांवर माणूस उभा असेल तर तिथे हवेत फुटणाऱ्या गोळ्याचं काय लोणचं घालायचं? पुढे २०१३ मध्ये सरावात बंदुकीत गडबड होऊन एक जवान किरकोळ जखमी झाला, बंदुका परत बोलावल्या आणि रखडत रखडत २०१८ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. तंत्र चुकलं नव्हतं, ते ज्याच्या पाठीवर बसवलं त्याचा हिशोब चुकला होता.

हा पाठीचा हिशोब किती वाईट आहे बघा. २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकन पायदळाच्या पाठीवरचं सामान प्रत्यक्ष मोजलं तर साध्या रायफलवाल्या जवानाच्या अंगावर लढताना सरासरी २८-२९ किलो निघाले, लांब चालीसाठी बॅग घेतली की ४० च्या वर. गुंजवण्यातून राजगड दहा-बारा किलोची सॅक घेऊन चढताना माझी जीभ बाहेर येते, आणि वर कोणी गोळ्या झाडत नसतं. त्यात प्रत्येक नवीन यंत्राला बॅटरी लागते. तीन दिवसांच्या गस्तीला नुसत्या बॅटऱ्याच सात किलोच्या आसपास होतात, आणि थंडीत त्या लवकर मान टाकतात. सियाचीनसारख्या ठिकाणी उणे चाळीसमध्ये काय होत असेल, मोबाइल लडाखला नेलेल्यांना अंदाज येईल.

चष्म्याची गोष्ट पण अशीच. मायक्रोसॉफ्टने बनवलेला, डोळ्यांसमोर नकाशा आणि साथीदारांच्या जागा दाखवणारा चष्मा २०२२ मध्ये जवानांना घालून बघितला, तर डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांवर ताण. ज्यांना त्रास झाला त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त जणांना तो तीन तासांच्या आतच झाला.

मग सगळंच हायटेक बेकार का, तर तसं अजिबात नाही. एकोग नावाची दुर्बीण बघा, रायफलवर बसते, दिवसा फायबरमधून उजेड घेते आणि रात्री ट्रिटियम या किरणोत्सारी वायूवर चमकते, बॅटरीच नाही. ट्रिटियमचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) साधारण १२ वर्षं, म्हणजे हळूहळू मंद होणार पण ऐन गोळीबारात विझणार नाही. अंधारात दिसण्यासाठीचा पीव्हीएस-१४ हा एकडोळी चष्मा एका साध्या पेन्सिल सेलवर चालतो, तोच सेल जो घरच्या घड्याळात असतो. यातलं काहीही घेताना जवानाला रायफल खाली ठेवावी लागत नाही, माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

आपल्याकडे पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेने २०२४ च्या जानेवारीत दाखवलेली उग्रम रायफल पण याच जातीची वाटते. ७.६२ मिलिमीटर, ५०० मीटर पल्ला, वजन चार किलोच्या आत, आणि संगणक वगैरे काही नाही.

अमेरिकेने मात्र हौस सोडलेली नाही. नवीन एम७ रायफल सायलेन्सर धरून साडेचार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये एम४ च्या ३० ऐवजी २० गोळ्या आणि एकूण सोबत २१० ऐवजी १४०. वर बसवलेली एक्सएम१५७ दुर्बीण अंतर मोजते, हवेचा दाब आणि तापमान बघते, गोळी किती खाली येईल ते काढून नेम कुठे धरायचा तो ठिपका दाखवते. २०२४ च्या सरकारी तपासणीत लिहिलंय की ७२ तासांच्या मोहिमेत ही दुर्बीण मोठ्या बिघाडाशिवाय टिकण्याची शक्यता कमीच. बनवणाऱ्यांनाही बहुतेक धाकधूक असावी, कारण एवढा सगळा कॉम्प्युटर बसवूनही आतल्या काचेवर नेमाच्या रेघा कोरून ठेवल्यात, बॅटरी गेली की त्या बघून झाडायची.