सर्व्हर बदलल्यानंतर पाने उघडत नसतील तर: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतर काही पाने उघडेनाशी झाली की ती पुसली गेली असावीत, अशी ग्राहकांची समजूत होते. बहुतेक वेळा तसे झालेले नसते. पानापर्यंत पोहोचवणाऱ्या सूचना जुन्या सर्व्हरवर राहून गेलेल्या असतात. म्हणून सर्व फायली घाईने पुन्हा अपलोड करण्याआधी कोणती पाने बिघडली आहेत आणि पडद्यावर कोणता त्रुटी क्रमांक दिसतो, एवढे टिपून ठेवावे, ही आमची पहिली विनंती आहे.

मुखपृष्ठ व्यवस्थित उघडते, पण आतले प्रत्येक पान ४०४ (पान सापडले नाही) दाखवते, हा प्रकार आमच्याकडे सर्वाधिक येतो. वर्डप्रेससारख्या, संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीत प्रत्येक पानाची वेगळी फाईल सर्व्हरवर नसतेच. आलेली मागणी इंडेक्स फाईलकडे वळवली जाते आणि ती डेटाबेसमधला मजकूर घेऊन पान तयार करते. वळवण्याचे हे नियम अपाची हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सर्व्हरवर डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाईलमध्ये असतात. नावाची सुरुवात टिंबाने होत असल्यामुळे ती लपलेली राहते आणि दिसतील त्या फायली निवडून कॉपी करणाऱ्याच्या हातून सहज सुटते. वर्डप्रेसमध्ये परमालिंकच्या (पानांच्या कायम पत्त्यांच्या) सेटिंगवर जाऊन काहीही न बदलता सेव्ह केले, तर सहसा ती पुन्हा लिहिली जाते. तेवढ्याने काम झाले नाही, तर सर्व्हरवर मॉड रीराइट (अपाचीचा पत्ते वळवणारा भाग) सुरू आहे का आणि या फाईलमधील नियम मानण्याची परवानगी मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये दिली आहे का, हे तपासावे लागते. नवा सर्व्हर एनजिनएक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर मात्र तो ही फाईल वाचतच नाही, आणि तेच नियम त्याच्या पद्धतीने नव्याने लिहून द्यावे लागतात.

मोजकीच चित्रे किंवा पाने गायब असतील, तर फाईलच्या नावातील रोमन अक्षरे पाहावीत. विंडोज सर्व्हर सहसा मोठ्या आणि लहान लिपीतील अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करतो. त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेला दुवा एका अक्षरामुळे तुटतो.

५०० (सर्व्हरमधील अंतर्गत त्रुटी) हा क्रमांक किंवा कोरे पान दिसल्यास अंदाज बांधत बसू नये, एरर लॉग (सर्व्हरवरील त्रुटींची नोंद) उघडावा. बिघाडाचे कारण तिथे बहुधा फाईल आणि ओळीसह लिहिलेले असते. जुन्या संकेतस्थळांच्या बाबतीत ते अनेकदा पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्तीत सापडते, कारण २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून डेटाबेसशी जोडणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शने काढून टाकण्यात आली. ४०३ (प्रवेश नाकारला) दिसल्यास फायली कोणी वाचायच्या आणि बदलायच्या हे ठरवणाऱ्या परवानग्या तपासाव्यात: सामान्यतः फोल्डरला ७५५ आणि फाईलला ६४४ पुरते. सरसकट ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या) देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये.

मराठी मजकुराचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि आयात करताना डेटाबेसने ते बाइट लॅटिन-१ (रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत) समजून वाचले, तर एका अक्षराच्या जागी तीन विचित्र चिन्हे उमटतात. हे दिसायला भीतीदायक असले तरी मूळ बाइट बहुधा शाबूत असतात आणि मजकूर परत मिळवता येतो. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मात्र मूळ अक्षरे तिथून गेलेली असतात, आणि जुन्या बॅकअपवरून पुन्हा आयात करण्यावाचून उपाय नसतो.

डेटाबेसमधला जुना पत्ता बदलण्यासाठी एसक्यूएल फाईल (डेटाबेसची निर्यात केलेली प्रत) साध्या संपादकात उघडून शोधा-आणि-बदला करू नये. वर्डप्रेसच्या काही नोंदींमध्ये मजकुराबरोबर त्याची लांबीही साठवलेली असते. पत्ता बदलून लांबी तशीच राहिली, की ती नोंद वाचता येत नाही आणि विजेट किंवा थीमची सेटिंग नाहीशी होतात. या कामासाठी ही लांबीही सुधारणारे साधन वापरावे.

पानांचे पत्तेच बदलले असतील, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ पुनर्निर्देशन (कायमचे वळवणे) द्यावे आणि ते किमान एक वर्ष ठेवावे. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणे सोपे वाटते, पण शोधयंत्रे अशा पत्त्यांना बऱ्याचदा ४०४ सारखेच मानतात, आणि वाचकालाही हवे ते सापडत नाही.

आपल्याला पान दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, असे झाल्यास डीएनएसची (संकेतस्थळाचे नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचे हे सांगणारी) नोंद सर्वत्र बदललेली नसण्याची शक्यता असते. नोंदीचा टीटीएल (ती लक्षात ठेवण्याचा कालावधी) ८६४०० सेकंद असेल, तर जुना पत्ता चोवीस तास लक्षात ठेवला जाऊ शकतो. म्हणून स्थलांतराच्या किमान एक दिवस आधी तो ३०० सेकंदांवर आणावा. या काळात आलेल्या ऑर्डर आणि फॉर्म जुन्या डेटाबेसमध्ये जाऊ शकतात, त्यामुळे नवे संकेतस्थळ दिसू लागले म्हणून जुने होस्टिंग खाते त्याच दिवशी बंद करू नये. आम्हाला संपर्क करताना बिघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता, त्रुटी क्रमांक आणि पान पाहिल्याची वेळ कळवावी. वेळ कळली की लॉगमधील नेमकी ओळ शोधता येते.