कृष्णेत पोहणाऱ्यांसाठी स्नॉर्कलिंग

पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसं सातारा-सांगलीच्या गावोगावी भेटतात. अशी माणसं अंदमान, लक्षद्वीप किंवा मालवणला स्नॉर्कलिंगला, म्हणजे डोळ्यांवर काचेचा मास्क आणि तोंडात पाण्याबाहेर टोक राहणारी नळी लावून समुद्राचा तळ बघायला, जातात तेव्हा पाण्याला बिचकत नाहीत, पण पुष्कळदा पाच मिनिटांतच त्यांना धाप लागते. नदीतल्या सवयी इथे आड येतात. प्रवाहात जोरात हात मारावे लागतात, डोकं वर काढून झटकन श्वास घ्यावा लागतो. स्नॉर्कलिंगमध्ये मात्र पालथं पडून, जवळजवळ काहीच न करता, तोंडातल्या नळीतून सावकाश श्वास घेत राहायचं असतं.

खरी गोम त्या नळीत आहे. आपण शांत असताना एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसांच्या कामाला येत नाही. ४० सेंटिमीटर लांब आणि आतून २ सेंटिमीटर रुंद नळीत आणखी १२५ मिलिलिटर हवा मावते, आणि ती आपण नुकतीच सोडलेली, उष्टी हवा असते. म्हणजे ५०० मधली ताजी हवा उरते २२५. घाबरून मिनिटाला २० उथळ श्वास घेतले तर १० लिटर हवा आतबाहेर होते, पण कामाची साडेचार लिटरच. तीच १० लिटर हवा एकेक लिटरच्या १० संथ श्वासांत घेतली, तर सव्वासात लिटर कामी येते. उथळ श्वासांनी रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं होतं, माणूस आणखी भराभर श्वास घेतो आणि त्रास वाढतच जातो. अशा वेळी हातपाय थांबवावेत आणि लांब उच्छ्वास सोडावा. तरीही बरं वाटलं नाही तर उताणं होऊन नळी तोंडातून काढावी.

मग नळी लांब करून खोल का जात नाहीत? पाण्याखाली एक मीटरवर छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम जादा भार येतो, आणि नळीतली हवा मात्र पृष्ठभागावरच्याच दाबाची असते. एवढा भार रेटून छाती फुगवत राहणं बरगड्यांच्या स्नायूंना झेपत नाही. म्हणून नळी ३५-४० सेंटिमीटरच्या आसपासच ठेवतात.

बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन ‘दम भरायची’ विहिरीवरची युक्ती इथे अजिबात करू नये. खरं तर ती विहिरीवरही करू नये. तिने शरीरातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः या वायूमुळेच. तो कमी झाला की इशारा मिळण्याआधीच प्राणवायू संपत येतो आणि माणूस पाण्यात बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारे असेच बुडतात.

मास्क विकत घ्या किंवा भाड्याने, पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो बसतो. मिशा राखणाऱ्यांचा मास्क बहुधा गळतो, कारण केसांमधल्या फटींतून पाणी शिरतं. पट्टा आवळून उपयोग नाही, उलट सिलिकॉनची कड मुडपते आणि गळती वाढते. नाकाखालची बोटभर पट्टी भादरावी, हे उत्तम. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे ती धुकटते. ती आतून साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चोळून धुवावी. पोहायचा साधा गॉगल इथे चालत नाही. बुडी मारल्यावर काचेआडच्या हवेचा दाब नाकाने फुंकून वाढवावा लागतो, आणि गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं. दोन-तीन मीटरवर कान दुखू लागतात. दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकं फुंकावं, तरी कान मोकळा झाला नाही तर वर यावं.

काचेतून सगळं एक तृतीयांशाने मोठं दिसतं आणि एक मीटरवरची वस्तू पाऊण मीटरवर भासते, कारण पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, १.३३ आहे. त्यामुळे तळ उथळ वाटतो. ‘इथे पाय टेकतील’ असं समजून उभं राहायला जाऊ नये. पाय टेकले तर ते प्रवाळावर. प्रवाळ म्हणजे काही मिलिमीटरच्या असंख्य जीवांची वसाहत. गोल ढिगाऱ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, आणि वहाणेच्या एका दाबाने कितीतरी वर्षांची वाढ मोडते. कडक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा तुटलेला तुकडाही आठवण म्हणून उचलू नये.

तरंगण्याची काळजी नको. समुद्राचं लिटरभर पाणी सुमारे १०२५ ग्रॅम भरतं, कृष्णेचं १०००. ६५ किलोच्या माणसाला त्यामुळे दीड किलोहून थोडा जास्तच आधार मिळतो. तरी लाइफ जॅकेट घालावं. पाठ आणि पोटऱ्या मात्र झाकाव्यात. पाणी गार लागतं म्हणून उन्हाने कातडी भाजल्याचं संध्याकाळपर्यंत कळत नाही.

सराव घरूनच करून जावा, पण जलतरण तलावात, कमरेइतक्या पाण्यात. सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, आणि शेततळ्याच्या बुळबुळीत प्लास्टिकवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. आधी उभ्यानेच तोंड बुडवून दहा मिनिटं नळीतून श्वास घ्या. मग मुद्दाम नळीत पाणी भरू द्या आणि एका जोरदार ‘फू’ने ते उडवा. त्यानंतरचा पहिला श्वास अगदी हळू घ्यावा, थोडं पाणी उरलेलं असतं.

स्नॉर्कलिंगनंतर त्याच दिवशी घाट चढून घरी यायला हरकत नाही, कारण हवा पृष्ठभागावरच्याच दाबाची घेतलेली असते. मालवणला सोबत स्कूबाही, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारणं, केलं असेल, तर दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच उंचावर, कमी दाबाच्या हवेत गेलं तर त्याचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात, आणि वाटेतल्या घाटावरचं आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. त्या रात्री किनाऱ्यालाच मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढावा.