५५ परग्रहवासी आणि एक दमलेला प्रोसेसर

ताइतो या जपानी कंपनीने १९७८ साली आणलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या व्हिडिओ गेममधले परग्रहवासी सुरुवातीला अगदी रमतगमत येतात. ५ ओळी, प्रत्येकीत ११. आडवे सरकत कडेला पोचले की एक पायरी खाली उतरायचं आणि उलट फिरायचं. पण खेळाडूच्या गोळ्यांनी जसजसे ते गारद होतात, तसतसे उरलेले पळू लागतात. शेवटचा एक तर असा सुसाट सुटतो की नेम धरता धरता पुरेवाट होते. खेळ कठीण करायची ही युक्ती वाटते ना? मुळात ती यंत्राची दमछाक होती.

तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ लिहिला आणि त्याचं सर्किटही स्वतःच जुळवलं. आत हिशोब करणारी चिप म्हणजे इंटेलचा ८०८० प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ. रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती, ८ किलोबाइट. त्यातली ७ पडद्यावरचं चित्र धरून ठेवण्यातच खर्ची. उरलेल्या १ किलोबाइटमध्ये सगळा हिशोब. (काकांनी पाठवलेला ‘शुभ सकाळ’चा फोटो याहून कितीतरी मोठा असतो.) ५५ चित्रं एकदम हलवणं या प्रोसेसरला झेपणारं नव्हतं. म्हणून पडदा ताजा होताना दर वेळी एकच परग्रहवासी सरकवला जाई. पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा ताजा होतो, म्हणजे अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळपास १ सेकंद. निम्मे मेले की वेळही निम्मा. एकटाच उरला की प्रत्येक पाळी त्याचीच!

हे निशिकादोंच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते मुद्दाम तसंच राहू दिलं. माझ्या मते व्हिडिओ गेमच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. जोडीला चार सुरांची धडधड, तीही फौज घटेल तशी जलद होणारी.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसून, टीव्हीला कॅसेट जोडून पोरांनी जे खेळ खेळले, त्यातले कितीतरी याच घराण्यातले. आता इथली कॉलेजची मुलं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना हौसेने हा खेळ लिहितात. आजचा लॅपटॉप ५५ चित्रं चुटकीसरशी हलवतो, त्यामुळे फौज शेवटपर्यंत एकाच चालीने चालते. असा एक खेळ वर्गात दाखवला गेला, तर मागच्या बाकावरून शेरा आला, “यात मजाच नाही ना बे!” मग प्रोग्रॅममध्ये उरलेल्यांच्या संख्येवरून वेग वाढवणारी ओळ घालावी लागली. जुन्या प्रोसेसरचा थकवा आता हाताने लिहावा लागतो.

२०१३ साली डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीने संगणकाला अटारी या जुन्या गेम-यंत्रावरचे ७ खेळ आपले आपण शिकायला लावले, त्यांतही हा होता. वेळ वाचवण्यासाठी तो संगणक दर चौथी फ्रेमच, म्हणजे पडद्यावरचं दर चौथं चित्रच, बघे. बाकीच्या सहा खेळांत निभावलं. इथे मात्र गोळ्याच दिसेनात. अटारीवर त्या लुकलुकत दिसतात, आणि संगणकाच्या वाट्याला नेमक्या गोळ्या नसलेल्याच फ्रेम येत होत्या. शेवटी फक्त या खेळापुरती दर तिसरी फ्रेम दाखवायचं ठरलं.